पान साठ ते पंच्याऐंशी

४ जून

ती. आत्यास,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणजे जे ऐकायचं नसतं तेवढंच येत नाही, म्हणून बाबांसारखं पत्रच लिहितोय.

बातमी अशी की दुकान उघडलं. बाबा गेल्यापासून दोन वर्षं शटर खाली होतं. ते वर करायला अर्धी बाटली तेल, एक हातोडा आणि माझ्या तोंडचे चार शब्द खर्ची पडले. ते शब्द इथे लिहीत नाही. शेजारचा चष्मेवाला मदतीला धावून आला होता. फार प्रेमळ माणूस. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता मधली भिंत बोटाने ठोकून बघत होता. त्याला जागा हवी आहे. मी त्याच्याकडे वर्षाअखेरपर्यंतची मुदत मागितली आहे. तोवर दुकानाने जीव धरला तर ठेवायचं, नाहीतर किल्ली त्याच्या हातात आणि मी परत माझ्या फ्रिजदुरुस्तीकडे. खरं सांगू का, मला ठेवायचं आहे. बाबांच्या खुर्चीत बसलं की पाठ दुखते, तरी उठवत नाही.

त्यांची शिफारशीची फळीही तशीच ठेवली आहे: पुस्तक आधी वाचायला न्यायचं, आवडलं तर विकत घ्यायचं. प्रत्येक पुस्तकाला दोऱ्याने बांधलेलं एक कार्ड, आणि कार्डावर तीनच गोष्टी: कोणी वाचावं, कधी वाचावं आणि कुठे कंटाळा येईल. स्वतःच्या मालातली खोट स्वतःच लिहून देणारा दुसरा दुकानदार मी तरी पाहिला नाही. वर गिऱ्हाइकाला धीर द्यायचे, 'माझ्या भरवशावर पुढे जा.' आणि लोक जायचेही!

बावीस वर्षं ते तुला महिन्याला एक पुस्तक पाठवायचे आणि कार्डाची दुसरी प्रत हाताने लिहून सोबत जोडायचे. तेही मी चालू करतोय. सोबत नवं कोरं पुस्तक आहे, कार्डासकट. बाबा म्हणायचे, ताईचं पत्र आलं की महिना कारणी लागतो. तेव्हा वाच आणि अभिप्राय कळव. दुकानाच्या काचेवर लावीन म्हणतो.

तुझा,
टिल्लू
(वय एक्केचाळीस, उंची सहा फूट. नाव बदलायला घरात कोणी तयार नाही.)


१९ जून

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. तू दुकान उघडलंस हे वाचून इतका आनंद झाला की क्लासातल्या अकरा मुलींना अर्धा तास आधी सोडलं. त्यांनी तुझे आभार मानले आहेत. बाही उलटी जोडणाऱ्या मुलींना आनंद व्हायला कारण लागत नाही.

पुस्तक पोचलं. एका बैठकीत संपवलं! अशी पुस्तकं दिवसभर राबून आलेल्या माणसाने सुट्टीच्या दुपारी, दार लावून वाचावीत. माणसं कशी अगदी आपल्या ओळखीची. आता खोटं कशाला बोलू, पान साठ ते पंच्याऐंशी जरा रेंगाळतं. पण मी नेटाने पुढे गेले, आणि पुढे जी मजा आली ती आली! हे खुशाल काचेवर लाव. नाव घालू नकोस, 'एक जुनी वाचक' एवढं पुरे.

हल्लीच्या लोकांना धीर म्हणून नाही रे. दोन पानं वाचली की जांभई. वाचनाला बैठक लागते, ती आमच्या पिढीकडे होती. तू वाचत असशीलच. पुस्तकांच्या दुकानात बसून न वाचणं म्हणजे शिवणक्लास चालवून स्वतः उघड्याने हिंडणं.

आणि त्या चष्मेवाल्याला सांग, भिंतीला हात लावायचा नाही. तो लोकांना चष्मे देईल, पण त्यातून त्यांनी बघायचं काय, त्याचं तोंड? टिल्लू, दुकान जाऊ देऊ नकोस. भाऊ गेल्यापासून मला तो दुसरीकडे कुठे सापडत नाही. फोटोत तर तो अजिबात नाही, फोटोत नुसता कोट आहे.

तुझी,
आत्या


२ जुलै

ती. आत्यास,

नमस्कार. तुझा अभिप्राय काचेवर लावला होता. काल काढला. का ते सांगतो.

आमच्याकडे एक कंडक्टरबाई येतात. शेवटच्या स्टॉपवर बस थांबली की पाच मिनिटं वाचतात. त्यांना मी तुला पाठवलेलंच पुस्तक दिलं होतं, आणि त्याच कार्डाची झेरॉक्स. काल दुपारी त्या अंगावरच्या खाकीसकट, खांद्यावरच्या बॅगेसकट दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, "उरलेली पानं द्या."

मी म्हटलं, "कुठली पानं?"

"कार्डावर लिहिलंय, साठ ते पंच्याऐंशी कंटाळा येईल. पुस्तक बहात्तर पानांचं आहे. तेरा पानं कमी आहेत. कंटाळवाणी असली म्हणून काय झालं, माझी आहेत ती!"

आत्या, मी पुस्तक उघडून बघितलं. बहात्तर. उलटं धरून बघितलं. बहात्तर. एकही पान फाटलेलं नाही, शिवण घट्ट.

आता मला एवढंच सांग, तू ती तेरा पानं कुठून वाचलीस? तुझ्याकडे असतील तर पोस्टाने पाठव. बाई रोज साडेचारला येऊन विचारतात.

तुझा आज्ञाधारक,
टिल्लू


२५ जुलै

चि. टिल्लूस,

आशीर्वाद, पण या खेपेला मोजून मापून.

उत्तराला उशीर झाला. मशीनचा पट्टा तुटला होता, मग पाऊस होता, मग मला बरं नव्हतं, मग बरं होतं. तुझं पत्र मिळालं. फार हसलास ना? हस. कंडक्टरबाईंना माझा नमस्कार सांग, बाई हुशार आहेत.

आता माझा एक प्रश्न. पुस्तक मी परत काढून बघितलं. पहिल्याच पानावर छापल्याचं साल आहे, ते चालू साल आहे. आणि कार्ड भाऊच्या अक्षरातलं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने या वर्षीचं पुस्तक वाचलं कधी? तिकडेही शाखा काढली की काय?

एवढ्यावर मी थांबले नाही. शिवणबाईच्या हातात एक धागा लागला की ती उसवत जाते, हे तू विसरलास. माझ्या कपाटात भाऊची सगळी पुस्तकं लावून ठेवलेली आहेत. स्टुलावर चढले, सांधे कुरकुरले, आणि चौथ्या कप्प्यात सापडलं. एक जाडजूड हिरवं पुस्तक. त्याला बांधलेलं कार्ड शब्द न् शब्द हेच. पान साठ ते पंच्याऐंशी. हे कार्ड मला नऊ वर्षांपूर्वीच येऊन गेलंय, शहाण्या. तू भावाचं जुनं कार्ड नव्या पुस्तकाला बांधून मलाच शेंडी लावतोस?

या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आत्या


६ ऑगस्ट

ती. आत्यास,

सापडलो. घे.

मी वाचत नाही. लहानपणापासून नाही. दुकानात जन्म घालवला, पण पुस्तक उघडलं की आठव्या पानावर माझी मान खाली जाते. सातव्या पानाला कधी नाही, नवव्याला कधी पोचलो नाही. बाबांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, "असू दे, तुझ्या हाताला फ्रिजची वाचा कळते." मला ते ऐकून बरं वाटायचं आणि रागही यायचा.

दुकान उघडलं तेव्हा खुर्चीखाली एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. पुस्तक खपलं आणि पुन्हा मागवायचं नसलं की बाबा त्याचं कार्ड या डब्यात टाकायचे. शेकडो कार्डं! कुठल्याच कार्डावर पुस्तकाचं नाव नाही. मागच्या बाजूला फक्त बारीक अक्षरात खूण: 'निळं, बारीक', 'लाल, जुनाट'. मला वाटलं, सुटलो. मी आयुष्यभर वायरी रंगाने जुळवल्या आहेत. निळ्याचं कार्ड निळ्याला बांधलं, लालचं लालला. तुझ्या कार्डामागे 'हिरवं, जाड' होतं. मी हिरवं बघितलं, जाड सोडून दिलं.

आता काय काय झालंय ते ऐक. गणिताच्या बाईंना दिलेल्या पुस्तकावर कार्ड होतं: 'प्रवासात वाचू नका, हसू आवरत नाही, लोक बघतात.' बाईंनी ते गाडीत वाचलं. नव्वदाव्या पानापर्यंत घरातली सगळी माणसं मेली. बाई म्हणाल्या, "मी शेवटपर्यंत वाट बघितली, आता कोण हसवतंय म्हणून." समोरच्या न्हाव्याला गेलेलं कार्ड होतं: 'नव्याने आई झालेल्या बाईने, बाळ झोपल्यावर.' त्या बिचाऱ्याने पुस्तक परत ठेवलं आणि माझी दाढी जरा जोरात केली.

लोक बाबांच्या भरवशावर यायचे. तो भरवसा मी दोन महिन्यांत मातीत घातला. त्यामुळे ठरवलंय, वर्षाअखेरची वाट बघायला नको. महिनाअखेर चष्मेवाल्याला होकार देऊन टाकतो. त्याने भिंतीचं माप घेतलंसुद्धा आहे.

जाता जाता एकच विचारतो, रागावू नकोस. मी जुन्या कार्डांनी तुला फसवलं हे खरं. पण त्या हिरव्या पुस्तकाचं कार्ड तुला आधी येऊन गेलं होतं, तरी जूनमध्ये ते तुला ओळखू आलं नाही. ते जाड पुस्तक तू वाचलं होतंस का? त्या कपाटातलं कुठलं वाचलं होतंस?

टिल्लू


१३ ऑगस्ट

टिल्लू,

एकही नाही.

बावीस वर्षं, दोनशे चौसष्ट पुस्तकं. पहिल्याची अकरा पानं वाचली. म्हणजे तुझ्यापेक्षा तीन जास्त, हे लक्षात ठेव. दिवसभर लोकांच्या काजबटणांत डोळे घालून रात्री परत अक्षरांत घालायचे, माझ्याने नाही झालं. भाऊने पत्रातून विचारलं, "कसं वाटलं?" मी लिहिलं, "छान." बस, तिथे फसले. त्या एका 'छान'वर त्याने दोन पानी पत्र पाठवलं, एवढा खूश! पुढच्या महिन्यात दुसरं पुस्तक. मग मी त्याच्या कार्डावरून चार ओळी इकडच्या तिकडे करून लिहायला लागले. वर थोडं माझं, क्लासचं, शेजारणीच्या भांडणाचं, नळाचं, मांजरीचं. असं करत बावीस वर्षं गेली.

खरं का नाही सांगितलं? तुला सांगते. मला सातवीतून काढून मशीनवर बसवलं. भाऊ शिकला. घरात दोघांचं शिक्षण होण्यासारखं नव्हतं, आणि ते तेव्हा कोणालाच वावगं वाटलं नाही, मलाही नाही. त्याला मात्र ते जन्मभर टोचलं. माझं जे राहिलं ते तो दरमहा पोस्टाने पाठवत होता. त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होते की बाबा रे, मला नको ते, तू नुसती पत्रं लिही? त्याने पुस्तकं थांबवली असती. आणि पुस्तकं थांबली की पत्रंही थांबली असती, ही मला भीती.

शेवटी दवाखान्यात भेटायला आले होते तेव्हा सांगणार होते. त्याने हात धरून विचारलं, "या महिन्याचं वाचलंस?" मी म्हटलं, "अर्धं झालंय." बघ. मरणाऱ्या माणसाशीसुद्धा खोटं बोलले. आता ते मला रोज आठवतं. मी त्याला फसवलं रे, आणि तो फसत राहिला.

तेव्हा मला उपदेश करायचा अधिकार नाही, तरी करते, कारण तुझं दुसरं कोण आहे. चष्मेवाल्याला होकार देऊ नकोस. फ्रिज दुरुस्तीला आला तर तू न उघडता 'छान गार होतोय' असं लिहून देतोस का? नाही ना? 'बिघाड कळला नाही' असं सांगतोस. मग कार्डावरही तेच सांग. आठव्या पानावर झोपलो, असं लिही. भाऊची कार्डं डब्यात ठेव. ती त्याची आहेत. आपण दोघांनी त्यांचा पुरेसा छळ केलाय.

आत्या


५ सप्टेंबर

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. खुर्ची बाजूला सरकवून, खरोखरचा.

तू सांगितलंस ते केलं. बाबांची सगळी कार्डं सोडवून डब्यात ठेवली. फळीवरच्या प्रत्येक पुस्तकाला एक कोरं कार्ड बांधलं. त्यावर लिहिलं: 'दुकानदार पान आठवर झोपला. तुम्ही कुठवर पोचलात ते खाली लिहा. खोटं लिहू नका, ते काम दुकानदाराने करून झालंय.'

मला वाटलं, लोक थुंकतील. पण आत्या, लोक लिहायला लागले! कंडक्टरबाई: 'पान ३१, शेवटचा स्टॉप. पुढचं उद्या.' न्हावी: 'पूर्ण. दोनदा. कोणाला सांगू नका.' त्या मेलेल्या कुटुंबाच्या कार्डावर गणिताच्या बाईंनी लिहिलं: 'पान ९० नंतरही वाचा. कोणी हसवत नाही, पण एकटं वाटत नाही.' त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'बाईंच्या भरवशावर पुढे गेलो.' ते वाक्य मी बराच वेळ बघत उभा राहिलो. चष्मेवाला टेप घेऊन आला होता. त्याला म्हटलं, भिंत राहू दे. तो म्हणाला, वर्षाअखेरपर्यंत मुदत आहे ना? म्हटलं, मुदत संपली, उत्तर 'नाही' आहे.

आता मुख्य गोष्ट. तू बसून वाच.

कार्डं ठेवताना टेबलाचा खालचा खण उघडला. तो नेहमी अडकतो, या वेळी स्क्रू काढून पूर्ण बाहेर घेतला. आत तुझी पत्रं होती. सगळी, तारखेवार, आणि नुसती ठेवलेली नाहीत. बाबांनी ती शिवली आहेत, जाड दोऱ्याने, पुस्तकासारखी. टाके वाकडेतिकडे आहेत, तू बघितलेस तर उसवायला लावशील. वर पांढरा पुठ्ठा. आणि त्याला, आत्या, कार्ड बांधलेलं आहे. शिफारशीचं. त्यांच्या अक्षरातलं. जसंच्या तसं उतरवतो:

'कोणी वाचावं: ज्याला घरची आठवण येते आणि घर उरलेलं नाही, त्याने.

कधी: महिन्यातून एकदा, दुकान उघडायच्या आधी, चहाबरोबर.

कुठे कंटाळा येईल: जिथे ताई पुस्तकाबद्दल लिहिते तिथे. ते माझ्याच कार्डावरून उतरवलेलं असतं. तेवढं सोडावं. पुढे मांजर येते.'

मागे खूण आहे: 'पांढरं, फार जाड. विकायचं नाही.'

मी हे पुस्तक वाचायला घेतलं. आठवं पान कधी गेलं मला कळलं नाही.

टिल्लू


२८ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,

अनेक, अनेक आशीर्वाद.

सात आठवडे पत्र नाही म्हणून तू तीनदा फोन केलास. मला ऐकू आलं नाही. रडत असताना मला फोन ऐकू येत नाही.

म्हणजे शहाण्याला सगळं माहीत होतं. बावीस वर्षं! मी समजत होते मी त्याला बनवतेय, आणि तो चहा पीत माझी मांजर वाचत बसला होता. एकदाही म्हणाला नाही. दवाखान्यातसुद्धा 'अर्धं झालंय' म्हटल्यावर हसला होता. मला वाटलं, औषधाने हसतोय. तो आता समोर असता तर त्याचे कान उपटले असते आणि मग त्याला सोडला नसता.

ती पत्रं मला पाठवू नकोस. टाके वाकडे असू देत, उसवायचे नाहीत. विकायचं नाही असं त्याने लिहिलंय, तर दुकानातच राहू दे. चष्मेवाल्याशी भांडू नकोस, त्याच्याकडून माझ्यासाठी एक वाचायचा चष्मा करून घे. शिवणाचा चष्मा वाचनाला चालत नाही, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

सोबत एक कार्ड पाठवतेय. ते हिरवं जाड पुस्तक परत मागवलंस तर त्याला बांध. भाऊचं कार्ड वर, माझं खाली. अक्षर वाईट आहे, समजून घे.

'कोणी वाचावं: ज्याने आधी खोटं सांगितलंय की वाचलं, त्याने.

कधी: उशीर झाल्यावरही चालतं.

कुठे कंटाळा येईल: पान साठ ते पंच्याऐंशी. भाऊने बरोबर लिहिलं होतं. मी दोनदा पुस्तक मिटलं. मग त्याच्या भरवशावर पुढे गेले.'

तुझी,
आत्या